शेवटाकडची हवा

ईश्वरदासनं खाटेच्या पायानं सख्ख्या भावाचं खांद्याचं हाड मोडलं, तेव्हा भांडण हवेवरून होतं याचं केशोरीत कुणाला विशेष नवल वाटलं नाही. पाण्यावरून हाडं मोडायची आमच्याकडे जुनी वहिवाट आहे. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या हद्दीवरून, मोडतात, धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडावरून मोडतात, त्या झाडाखाली बांधलेल्या दुसऱ्याच्या बैलावरूनही मोडतात. हवा तेवढी आजवर राहून गेली होती, कारण ती कुणाला अडवता येत नव्हती. ती सोय गोंदियाच्या गुड्डू कूलरवाल्यानं करून दिली.

मूळ गोष्ट अशी, की गेल्या मे महिन्यात ईश्वरदासच्या मुलीची, रंजिताची, सोयरीक घामानं मोडली. तिरोड्याचे पाहुणे भर दुपारी टिनाच्या छताखाली बसले. आलूपोह्याची बशी हातात घेतलेली मुलाची मावशी बोलता बोलता त्याच बशीत तोंडघशी पडली. शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली, घर लाभाचं नाही. घरावर टिन आहे, टिनावर सूर्य आहे आणि आपण जरीची साडी नेसून आलो आहोत, यांतलं काहीच तिनं मनावर घेतलं नाही. पाहुणे गेले ते गेलेच.

यंदा दुसरं स्थळ आलं. सौंदडचे गुलाबचंद; त्यांचा मुलगा भूपेंद्र नागपुरात अशा ऑफिसात कामाला, जिथं मे महिन्यात स्वेटर घालावा लागतो. गुलाबचंद साखरपुड्याबद्दल फोनवर म्हणाले, "साक्षगंध तुमच्याकडंच करू. फक्त जरा थंडाव्याचं पाहा. आमच्या घरच्या बाया लवकर घाबरतात."

या एका वाक्यावर ईश्वरदासचं सगळं टांगलेलं होतं. बैठक थंड, तर पोरीचं लग्न. बैठक गरम, तर पुन्हा बशीत तोंड. त्याची बायको धनवंता रोज सकाळी देवापुढे हात जोडायची आणि लगेच वर टिनाकडे बघायची. प्रार्थना नेमकी कुणाला असायची ते कळत नसे.

अडचण एकच होती. वडील बाबूलाल वारल्यावर घराची वाटणी झाली, मधोमध भिंत उभी राहिली. पण छत सामाईक राहिलं. भिंत टिनापर्यंत पोचलीच नाही, वर दोन हात फट राहिली. सामाईक छताला मोठा कूलर जोडायचा, तर धाकट्या देवानंदची परवानगी लागणार. देवानंदनं ती लगेच दिली. अट एवढीच, की अर्धी हवा त्याची.

मग गुड्डू आला. ईश्वरदासच्या मागच्या भिंतीला त्यानं लोखंडी घोड्यावर कपाटाएवढा कूलर बसवला. त्याच्या तोंडाला जस्ती पत्र्याची चौकोनी डक्ट जोडली. ती टिनाखाली तारांनी टांगली, ईश्वरदासच्या बैठकीतून नेली, फटीतून भिंतीपलीकडे काढली आणि देवानंदच्या खोलीत नेऊन सोडली. ईश्वरदासच्या बाजूला डक्टच्या कुशीला दोन लहान जाळ्या. देवानंदकडे डक्टचं अख्खं तोंड उघडं, त्यावर एकच मोठी जाळी. शेवटी मोठी जाळी लावायची असते, असं गुड्डू म्हणाला. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

"बीच में डँपर लगा दूँ क्या?" त्यानं विचारलं. "पत्रे का दरवाजा. जिधर कम-ज्यादा करना है, कर लो."

वडील गेल्यापासून कशावरही एकमत न झालेले दोघं भाऊ एका श्वासात म्हणाले, "नाही."

त्यांचंही बरोबर होतं. कालव्यावर गावाच्या हद्दीत एक दरवाजा आहे. त्याची किल्ली आजवर ज्या ज्या माणसाकडे होती, त्या त्या माणसाच्या तोंडात आज दात कमी आहेत. दरवाजा आला की किल्ली येते, किल्ली आली की काठी येते. एवढं शहाणपण आमच्याकडे सगळ्यांना आहे.

आणि कुठली बाजू कुणाची, हा प्रश्न तर आलाच नाही. बाबूलालच्या वाटणीत कालव्याच्या तोंडाजवळचं वावर थोरल्याला गेलं, शेवटाकडचं धाकट्याला. आमच्याकडे हे सांगावं लागत नाही. वरच्याची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, आधी भरते. तो ओसंडून कंटाळला, की पाणी खाली जातं. तोवर खालच्याचं रोपटं पिवळं पडलेलं असतं. देवानंदनं आयुष्यभर शेवटाकडचं पाणी पाहिलं होतं, म्हणजे फारसं पाहिलंच नव्हतं. तेव्हा कूलर थोरल्याच्या भिंतीला लागला, याचा अर्थ त्याला न सांगता कळला. तो नुसता म्हणाला, "ठीक हाय दादा. तू वरचा."

मे लागला आणि कूलर सुरू झाला.

देवानंदच्या खोलीत वादळ आलं. भिंतीवरचं कॅलेंडर उडालं, दुर्गाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, हातातला पदर उडाला, पलंगावरची चादर उठून बसली. आणि ईश्वरदास आपल्या बैठकीत जाळीखाली उघड्या अंगानं उभा होता. त्याच्या छातीवरचा एक केस हलला नाही.

त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून पहिल्या जाळीपुढे धरला. दुपट्टा त्याच्याकडे उडण्याऐवजी जाळीला जाऊन चिकटला. आत ओढला गेला.

यात चमत्कार काही नव्हता. कूलरचा पंखा हवेला इतक्या जोरात ढकलत होता, की ती पहिल्या जाळ्यांपुढून घाईत निघून जात होती. वळायला तिला सवडच नव्हती. जाता जाता बैठकीतलीच थोडी हवा सोबत ओढून नेत होती. पुढे शेवटी तिला सताड उघडं तोंड मिळत होतं, तिथं ती मोकळी होत होती. पाणी उतार बघतं. हवा अडथळा बघते आणि जिथं तो कमी, तिथं जाते. वरचा-खालचा, थोरला-धाकटा, हे तिच्या गावी नसतं. पण हे सगळं गुड्डूच्याही गावी नव्हतं, आणि ईश्वरदासला तर डोळ्यांपुढे पुरावा दिसत होता. धाकटा आपल्या वाटची हवा नेतोच आहे, वर आपल्या घरातली जुनी हवासुद्धा ओढून घेतो आहे.

खाट उभी करून ठेवलेली होती. तिचा एक पाय ढिला होता. तो निघाला, आणि तो हातात घेऊन ईश्वरदास पलीकडच्या खोलीत शिरला.

"देव्या! माही हवा ओढून राहिला का बे?"

"मी कायले ओढू?" देवानंद उठून बसला. "मी तं झोपून होतो."

"झोपून ओढत होता!"

"दादा, वरची बाजू तूच घेतली ना? मी काही म्हणलो का तवा? आँ? म्हणलो का?"

युक्तिवादात दम होता, म्हणून ईश्वरदासनं तो खांद्यावर मोडला. हाड मोडल्याचा आवाज पंख्याच्या आवाजातही ऐकू आला. देवानंदनं धडधाकट हातानं पितळेचा गडवा फेकला, ईश्वरदासची भुवई उकलली, आणि त्या वादळात रक्ताचे थेंब सरळ खाली न पडता तिरपे उडून भिंतीवर गेले. दुर्गा पुढे कितीतरी दिवस ते पुसत होती.

दोघंही एकाच मोटारसायकलवर दवाखान्यात गेले. गावात तेवढीच रिकामी होती. एक पुढे टाकीवर, एक मागे; मध्ये चालवणाऱ्याचा जीव घुसमटला, पण वाटेत मारामारी झाली नाही, कारण एकाचा हात वर होत नव्हता आणि दुसऱ्याला दिसत नव्हतं.

रंजिता बी.एस्सी. झालेली. तिनं दुसऱ्या दिवशी दोघांनाही ऐकू जाईल असं भिंतीजवळ उभं राहून सांगितलं, "बाबा, काकाकडची जाळी मोठी हाय, आपल्या लहान. काकाच्या जाळीले अर्धा पुठ्ठा लावा. तिकडं थोडं अडलं का इकडंबी येईल. दोघायले पुरते."

"माह्या जाळीले पुठ्ठा?" पलीकडून देवानंद म्हणाला. "माह्या बांधीत पाणी आलं तं मी सोताच्या हातानं अर्धं बुजवू का, पोरी? जन्मात पहिल्यांदा शेवटाले काही येऊन राहिलं."

"अन् मी त्याले पुठ्ठा लाव म्हणून सांगायले जाऊ?" अलीकडून ईश्वरदास म्हणाला. "मी वरचा हाव."

इथं दोघा भावांचं दुसऱ्यांदा एकमत झालं. पुठ्ठा रद्द झाला.

मग उदारामला बोलावलं. उदाराम कालव्याचं पाणी वाटतो. त्याच्या कपाळावर फावड्याची एक जुनी खूण आहे, तिच्यामुळे त्याच्या शब्दाला वजन आहे. त्यानं बोट ओलं करून सगळ्या जाळ्यांपुढे धरलं, डक्टला टिचक्या मारल्या, आणि न्याय दिला, "हा पाटच हाय. पाटाले जे लागते ते याले. पाळी लावा. एक दिवस वरच्याची, एक दिवस खालच्याची. वरच्याच्या दिवशी भिंतीजवळ बांध टाका."

बांध म्हणजे बारदान्यात कोंबून भरलेलं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, वरून पाणी मारून घट्ट केलेला. भिंतीच्या फटीपाशी डक्टला पत्र्याचं झाकण कापलं. बांध तिथून आत घालायचा आणि तिथूनच काढायचा.

खरं सांगायचं तर बांध चालला. शेवट बंद झाल्यावर हवेला जायला दुसरीकडे जागा राहिली नाही. ती डक्टमध्ये तुंबली, आणि नाइलाजानं ईश्वरदासच्या लहान जाळ्यांतून शिट्ट्या मारत बाहेर पडली. पत्र्याच्या कुशी फुगल्या, सांधे कुरकुरले, पंखा दम लागल्यासारखा आवाज करू लागला. ईश्वरदास जाळीखाली खुर्ची टाकून कालव्याच्या तोंडाशी बसल्यासारखा बसला. या सगळ्या तुंबण्याचा दाब किती होता म्हणाल, तर नळीतलं पाणी अर्धं पेर वर चढेल एवढा. रसवंतीवर बसलेलं शेंबडं पोर नळीतून याहून जास्त ओढतं. एवढ्या दाबावर त्या घरात पुढे जे झालं, ते बघता नदीवरच्या धरणांनी फार संयम पाळला आहे असं म्हणावं लागतं.

पहिल्याच पाळीबदलाला ईश्वरदासनं बांध काढायला उशीर केला. देवानंद गळ्यात हात बांधून आला, दुसऱ्या हातात फावड्याचा दांडा. उदाराम मध्ये पडला, कारण मध्ये पडणं हेच त्याचं काम. दांडा ईश्वरदासच्या गुडघ्याला लागला, ईश्वरदासची बुक्की उदारामच्या तोंडाला. उदारामनं दात तळहातावर घेतला, नीट पाहिला, खिशात ठेवला आणि म्हणाला, "चालू द्या. पाळी लागली म्हणजे हे होतेच." पाळी लागली. दिवसाआड एक घर थंड, एक घर गरम, आणि दोन्ही घरांत कुणी ना कुणी हळद लावून बसलेलं.

साक्षगंधाचा दिवस देवानंदच्या पाळीत आला.

"भाऊजीशी एक शब्द बोला," धनवंता नवऱ्याला म्हणाली. "दुर्गा सांगून राहिली, ते देतेत म्हणून. फक्त तुमी मागाले पायजे. त्यायनं नवा सदराबी शिवला पोरीच्या साक्षगंधासाठी."

"शेवटवाल्याले पाळी मागू? आजवर वरच्यानं कधी मागली का?"

"पोरीसाठी मागा."

"पोरीसाठीच बांध टाकतो ना," ईश्वरदास म्हणाला, आणि पाहुणे यायच्या आधी शिडी लावून त्यानं बांध डक्टमध्ये दाबून बसवला. पाळी देवानंदची होती. हे कुणी नाकारत नाही. ईश्वरदाससुद्धा पुढे नाकारत नव्हता.

पलीकडे देवानंद नवा सदरा घालून, मोडलेल्या खांद्यावर त्याच्या गुंड्या दुर्गाकडून लावून घेऊन बोलावण्याची वाट बघत बसला होता. त्यानं मनाशी वाक्यसुद्धा ठरवलं होतं: "घेऊन टाक दादा, पोरगी काय तुही एकट्याची हाय?" तेवढ्यात डोक्यावरची हवा बंद झाली. तो वर बघत राहिला. सदरा हळूहळू पाठीला चिकटला.

पाहुणे आले. गुलाबचंद पुढे, त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धं होतं. मागे भूपेंद्र, त्याची आई, आणि भूपेंद्रची आत्या, जिच्यासाठी बहुधा 'लवकर घाबरतात' असं सांगितलं होतं ती. खुर्च्या नेमक्या जाळीखाली मांडलेल्या. आत्या बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं बाई! अठी तं नागपूरच्या ऑफिसावाणी हाय!"

ईश्वरदासच्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा क्षण. तो पंख्याच्या एका फेऱ्याएवढा टिकला असेल.

आधी गुलाबचंदांच्या टोपीवर तणसाची एक काडी पडली. मग दुसरी. मग आत्याच्या कपाळावरची उडणारी बट खाली बसली. सगळ्यांनी वर पाहिलं. भिंतीच्या माथ्यावर, टिनाला डोकं लावून देवानंद नव्या सदऱ्यात बसला होता. धडधाकट हातानं त्यानं डक्टमधून ओला बारदाना ओढून काढला होता, आणि तो आता त्याच्या मांडीवर होता.

"राम राम पाहुणे," तो म्हणाला. "आज माही पाळी हाय."

बैठकीतली हवा मेली. आत्याच्या वरच्या ओठावर घामाचा थेंब आला. गेल्या वर्षीची बशी धनवंताच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

"आलोच," ईश्वरदास पाहुण्यांना हसून म्हणाला आणि शिडी चढला.

भिंतीच्या माथ्यावर दोन माणसांना भांडायला जागा नव्हती, पण ती त्यांनी केली. देवानंदनं ओला बारदाना थोरल्याच्या तोंडावर हाणला. ईश्वरदासनं बारदाना सोडून त्याचा गळ्यात बांधलेला हात धरला आणि कणसासारखा पिरगाळला. जुळत आलेलं हाड पुन्हा वाजलं. देवानंद ओरडला नाही, कारण त्याच्या तोंडात तेव्हा ईश्वरदासचा कान होता. मग दोघं पलीकडे, देवानंदच्या खोलीत कोसळले. पलंग मोडल्याचा आवाज आला, मागचं दार उघडल्याचा, आणि सांदवाडीतल्या, म्हणजे परसातल्या, कोंबड्यांचा.

बैठकीत पाहुण्यांच्या माना भिंतीकडे वळलेल्या होत्या. शेवटी गुलाबचंदांनी आपलं अर्धं बोट वर केलं.

"आमच्याकडंबी होते," ते शांतपणे म्हणाले. "हे बोट माह्या भावानं नेलं. धुऱ्यावरून. भांडनाचं काही नाही, ईनबाई. पन ही बहीन जरा..."

बहीण पदरानं वारा घेत होती आणि तिचा रंग बदलत होता. धनवंतानं तिच्याकडे पाहिलं, मग जाळीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे हवेचा घोंगावणारा आवाज येत होता. धनवंताचं शिक्षण चौथीपर्यंत. पण वर्षभर टिनाकडे बघून तिला जे उमगलं होतं, ते त्या घरातल्या कुठल्याच पुरुषाला उमगलं नव्हतं.

"हवा तिकडं गेली तं आपुनबी तिकडंच जाऊ," ती म्हणाली. "चला. दिराचंच घर हाय."

दुर्गानं पलीकडचं दार उघडूनच ठेवलं होतं. तिनं मोडका पलंग उभा करून भिंतीला टेकवला, सतरंजी अंथरली. पाहुणे चपला हातात घेऊन रस्त्यानं फिरून या दारातून त्या दारात गेले. नारळ, पेढे, ओटीचं सामान सगळं गेलं. कुंकवाचं ताट तेवढं बैठकीतल्या स्टुलावर राहिलं. आत्या मोठ्या जाळीखाली बसली आणि पुन्हा म्हणाली, "अगं बाई!" या खेपेला जास्त मनापासून.

सांदवाडीत दोघं भाऊ अजून मोजमाप करत होते. ईश्वरदासनं धाकट्याचं डोकं गुरांच्या पाण्याच्या टाक्यात दाबलं आणि बुडबुडे येईपर्यंत धरून ठेवलं. देवानंदनं तळातली वीट हाताला लागल्यावर ती वर आणली आणि थोरल्याच्या जबड्यावर ठेवली. दात विटेत राहिले. खाटेचा पाय, ज्याला आता घरातल्या माणसासारखी जागा मिळाली होती, तो आधी एकाच्या हातात होता, मग दुसऱ्याच्या. शेवटी तो देवानंदच्या नडगीवर पडला, नडगी जिथं वाकू नये तिथं वाकली, आणि देवानंद शेणाच्या ढिगावर आडवा झाला. नवा सदरा आता कुठल्या रंगाचा होता ते सांगता आलं नसतं.

"पाळी... माही होती... दादा," तो म्हणाला.

"होती," ईश्वरदास म्हणाला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. तो वळला आणि लोंबणारा कान हातानं धरून मागच्या दारानं आपल्या बैठकीत आला.

बैठक रिकामी होती.

खुर्च्या तशाच. जाळीखाली कुणी नाही. दारात चपला नाहीत. स्टुलावर कुंकवाचं ताट, भरलेलं, न वापरलेलं. पहिल्या जाळीला कुणाचा तरी विसरलेला रुमाल चिकटला होता आणि आत ओढला जात होता.

गेले, त्याला वाटलं. दुसरी सोयरीकही गेली. भिंतीपलीकडून हवेचा तो आवाज येत होता, ज्यात माणसांचं बोलणं ऐकू येत नाही. त्या आवाजाकडे तो बघत राहिला. मग त्यानं लाकडं फोडायची कुऱ्हाड आणली.

पहिला घाव डक्ट जिथं कूलरमधून आत येते तिथं, दुसरा तिथंच. पत्रा किंचाळला. तिसऱ्या घावाला तोंडाजवळचा सांधा सुटला. मग त्यानं कुऱ्हाड टाकली, डक्टला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि सगळं अंग टाकून ओढली. गुड्डूच्या तारा एकामागून एक तुटत गेल्या, बैठकीत एक, मग दुसरी, मग भिंतीजवळची, मग भिंतीपलीकडच्या.

भिंतीपलीकडे तेव्हा भूपेंद्रनं हात पुढे केला होता. रंजिता समोर बसली होती. अंगठी तिच्या चिमटीत होती. दोघांत वीतभर अंतर होतं आणि हवा इतकी छान होती, की भूपेंद्र पहिल्यांदाच हसला होता. त्याच्या डोक्यावर डक्टचा शेवट आला.

मोठ्या जाळीचा कोपरा कापलेल्या पत्र्याचा होता. तो घासायचं राहून गेलं होतं. त्या कोपऱ्यानं भूपेंद्रच्या भुवईपासून गालापर्यंतची कातडी उघडली. डक्टची कूस आत्याच्या दंडावर आदळली, आणि ती शेवटी घाबरली. भूपेंद्रच्या आईनं ओरडायला तोंड उघडलं, तर त्यात टिनाखाली साठलेली धूळ गेली. रंजिताच्या पिवळ्या साडीवर रक्ताची एक सरळ रेघ उमटली. या खेपेला थेंब तिरपे गेले नाहीत. हवा बंद पडली होती.

फटीतून मिळालेल्या नव्या उजेडात पलीकडून ईश्वरदासचं तोंड दिसलं. तो शिडीवर चढून बघत होता. त्यानं सतरंजी पाहिली, नारळ पाहिला, पेढे पाहिले. सगळे पाहुणे पाहिले, एकूण एक.

"तुमी... अठी होते?" तो म्हणाला.

गुलाबचंदांनी मुलाच्या डोक्याला आपला दुपट्टा बांधला. गाडीत बसताना ते थांबले. न्यायी माणूस होते.

"ईश्वरदासजी, भांडन सगळ्यायकडं होते. पोरगी भांडखोर घरातली चालते, ती मजबूत राहते. पन आमच्याकडं पावन्याच्या डोक्यावर पाट पाडत नाहीत." मग दार लावता लावता त्यांनी तेही सांगून टाकलं, कारण खरं ते खरं, "हवा मस्त होती. तुमच्या भावाकडं."

गाडी सौंदडच्या रस्त्याला लागली.

ईश्वरदास बैठकीत परतला. कूलर चालूच होता. डक्ट तोंडापासूनच तुटल्यामुळे आता हवेला कुठंच जायचं नव्हतं, कुठलाच अडथळा नव्हता; सगळीच्या सगळी ती त्याच्या बैठकीत येत होती. ताटातलं कुंकू उडालं आणि भिंतींवर, खुर्च्यांवर, त्याच्या फाटक्या कानावर बसलं. रिकाम्या खुर्च्या एकेक करून कलंडत होत्या. एवढी हवा वरच्याला कधीच मिळाली नव्हती.

धनवंता दारातून आत आली. तिच्या मागे रंजिता. अंगठी अजून चिमटीतच होती, कुठं ठेवायची ते तिला सुचत नव्हतं.

"काऊन सांगतलं नाही मले?" ईश्वरदास म्हणाला. दात नसल्यामुळे ते नीट उमटलं नाही. "मले वाटलं गेले."

"नव्हते गेले," धनवंता म्हणाली. "थंड हाय म्हणत होते."

सांदवाडीतून येताना तिनं खाटेचा पाय उचलून आणला होता. तिनं तो दोन्ही हातांत नीट धरला, पाय थोडे फाकवून उभी राहिली आणि मुलीला म्हणाली, "रंजे, दार लाव. हवा बाहीर जाऊन राहिली."